हॉटडिशचा शेवटचा कोपरा

तीर्थस्वरूप आर्डिसवन्सं यांना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, व्हर्नाचा, नमस्कार. इकडे सगळं फारसं वाईट नाही (याहून चांगलं लिहिलं तर तुम्हाला उगीच संशय येईल). तुमचा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने बरा झाला असेल तर उत्तम, नसला तर निदान गरम तरी असेल. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की तिथे रोज तेच ऊन पडतं, त्यामुळे शेजारणीशी हवेबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही. वाचून मला फार वाईट वाटलं. हवेबद्दल बोलायचं नाही, तर माणसाने माणसाशी बोलायचं तरी काय? इथे मिनेसोटात देवदयेने ती अडचण नाही. तळं गोठायला लागलंय. कडेकडेने बर्फाची साय, मध्ये काळं पाणी, आणि सकाळी त्यावर असं धुकं उभं राहतं की पलीकडचा काठ खरंच आहे, की आपणच तो मनात धरून बसलोय, ते कळेनासं होतं. मी खिडकीत बसून ते बघत राहते. सगळी भानगड या बघत राहण्यातूनच झाली.

पानगळीच्या दिवसांत मी कॉफीची किटली चुलीवर ठेवली आणि तळ्यावर बदकं उतरली. (बदकं उतरताना आधी पाय पुढे करतात, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? एखाद्या लठ्ठ माणसाने खुर्चीत बसावं तशी बसतात.) किटली जळून काळी झाली, धूर शेजारच्यांना दिसला आणि गावचा आगीचा बंब आला. बंबावरची सगळी पोरं चर्चमधल्या माझ्या रविवारच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे मी त्यांना बसवून अ‍ॅपल-पाय खाऊ घातला. वेळ छान गेला. पण ही गोष्ट कर्टिसच्या आणि जोलीनच्या कानावर गेली आणि माझ्या या दोन लेकरांनी ठरवलं की रविवारी आईकडे जेवायला यायचं आणि ‘जेवण झालं की जरा बोलायचं.’ कर्टिसला तुम्ही मांडीवर खेळवलंय. त्याचं ‘जरा बोलू’ म्हणजे काय असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावात म्हाताऱ्या माणसांसाठी नवी इमारत झाली आहे. एकेक खोली, जेवणाला घंटा, आणि खिडकीतून दिसतं ते मोटारी लावायचं आवार. वन्सं, मला या घरातून जायचं नाही. बाकी पत्रात मी कितीही भरकटले तरी एवढं लक्षात ठेवा.

तेव्हा रविवारचं जेवण म्हणजे माझी परीक्षाच होती. मी हॉटडिश करायचं ठरवलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. बीफचा खिमा कांद्यावर तांबूस परतला, त्यात फरसबी घातली (तुम्ही मका घालता, त्याबद्दल आज मी एक अक्षर बोलणार नाही), मशरूमच्या सुपाचे डबे ओतले आणि वर बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावायला घेतल्या. हे काम मला फार आवडतं. एकेक गोळी लावताना मन कुठल्या कुठे निघून जातं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा याच ओट्याशी तुम्ही माझ्या वाकड्या ओळी बघून काही न बोलता त्या सरळ केल्या होत्यात. तुमचे बंधू दारात उभे राहून हसत होते. ते हसणं मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी वळून पाहिलं. मग भांड्यावर चांदीचा कागद लावला, आणि फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून भांडं बाहेर पायरीवर ठेवून (बाहेर फ्रिजपेक्षा थंड होतं) चर्चला गेले. परत आल्यावर ओव्हन पेटवला आणि जरा खिडकीत टेकले. घर हळूहळू उबदार झालं. वास कसा येत नाही, असं एकदा मनात आलंही, पण वास न येण्यातसुद्धा एक शांतपणा असतो. मी त्यातच रमले.

इतक्यात कर्टिस आला. त्याला पायरीवर झाकलेली हॉटडिश दिसली. आता आपल्याकडे कोणाच्या दारात झाकलेली हॉटडिश असली, तर त्याचा अर्थ एकच: कोणीतरी गेलंय आणि त्या घरासाठी जेवण पोचवायचंय. टोपी हातात घेऊन, पाय न वाजवता तो आत आला आणि म्हणाला, “आई, कोण गेलं गं?” मला वाटलं, यालाच काहीतरी कळलंय आणि हा मला हळूहळू सांगतोय. मीही आवाज खाली आणला. “तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “मला काहीच माहीत नाही. तू सावकाश सांग.” मी कॉफी ओतली. दोघं समोरासमोर बसून दुःख करत राहिलो. मी मनातल्या मनात आधी जुन्या पाद्रीबाबांना पोचवलं, ते काही पटेना, म्हणून मग चर्चमधल्या लिंडक्विस्टबाईंना. त्यांच्या वेळी मला खरंच रडू आलं. कर्टिसने माझा हात धरला. (इतक्या वर्षांत त्याने माझा हात धरला नव्हता. कोणी का गेलेलं असेना, मला बरं वाटलं.) एवढ्यात जोलीन भांडं घेऊन आत आली, मागोमाग तिचा नवरा. “ही कोणाची गं? दगड झालाय नुसता!” आणि तिने तळ वर करून पाहिला, तर तिथे चिकटपट्टीवर माझंच नाव. कर्टिस हसला नाही. त्याने रिकाम्या तापलेल्या ओव्हनकडे पाहिलं, मग जोलीनकडे पाहिलं. त्या बघण्यात माझी खोली, घंटा आणि मोटारींचं आवार, सगळं होतं.

दुपारचं जेवण असं दुपार कलल्यावर झालं. पण झालं सुरेख, वन्सं. वरून कुरकुरीत, आतून मऊ. सगळ्यांनी दोनदा घेतलं आणि शेवटी भांड्याच्या कोपऱ्यात एक तुकडा राहिला. शेवटचा तुकडा घ्यायचा नसतो, ही आपली रीत. जोलीनने त्यातला अर्धा घेतला. उरलेल्यातला अर्धा कर्टिसने घेतला. मग त्याने ठेवलेल्यातली एक गोळी मी घेतली. माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यात काही आहे तोवर जेवण संपलं असं कोणी म्हणणार नाही, आणि जेवण संपत नाही तोवर ‘जरा बोलू’ सुरू होणार नाही. बाहेर तळं निळं झालं, मग जांभळं झालं. कोणी उठत नव्हतं. मला वाटलं, आपण असेच अर्ध्याचं अर्धं करत वसंतापर्यंत बसू शकू. मला अगदी सुखाची गुंगी आली होती.

आणि आमचे जावईबापू! व्हिन्स न्यू जर्सीचा, त्याला आपली रीत कुठली ठाऊक. त्याने इकडेतिकडे पाहिलं, म्हणाला, “कोणी घेत नाहीये का हे? मग मी संपवतो,” आणि चमच्याने कोपरा खरवडून तोंडात टाकला. जोलीनने टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती मला लागली.

जेवण संपलं. कर्टिसने घसा खाकरला. “आई, हे बघ, प्रश्न तुझ्या स्वयंपाकाचा नाही. तू इथे एकटी असतेस, आणि तुझं लक्ष नसतं.” मी म्हटलं, “लक्ष असतं रे, फक्त दुसरीकडे असतं.” त्यावर व्हिन्स भरल्या तोंडाने म्हणाला, “मग कोणालातरी सोबतीला बोलवा ना. त्यात काय एवढं?” वन्सं, इतकं साधं वाक्य आपल्या घराण्यात जेवणाच्या टेबलावर आजवर कोणी उच्चारलं नसेल. कर्टिस म्हणाला, “या थंडीत इथे राहायला कोण येणार आहे?” तेव्हा मी जरा काहीतरी बोलून गेले. ते ऐकून कर्टिसचा चेहरा एकदम सैल झाला. त्याने भांडी घासली. मग सगळे निरोप घ्यायला उठले, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे दारात, पायरीवर आणि मोटारीच्या काचेतून निरोप घेत घेत एकदाचे गेले.

असो. गुडघ्याला जपा. तुमच्याकडून काही नको, सहज खुशाली कळवली.

तुमची,
व्हर्ना

ता. क. मी बोलून गेले ते असं, की आर्डिसवन्सं इथे राहायला येतायत. ठरलंय, असं म्हटलं. खालची खोली कर्टिसने रंगवायलाही घेतली. नणंदेला आपणहून राहायला बोलावणारी भावजय कोणी पाहिली नसेल, म्हणूनच बहुधा त्यांना ते खरं वाटलं. तर, येता का? (आपल्यात तीनदा विचारल्याशिवाय कोणी कॉफीसुद्धा घेत नाही. तुमचे दोन नकार टपालाने येईपर्यंत बर्फ वितळेल, म्हणून तिन्ही वेळा इथेच विचारते.)

ता. क. दुसरा. छे, छे, तिथलं ऊन सोडून कशाला येताय, मी आपलं विचारलं. पण येता का? मका घाला हवा तर. अर्ध्या भागात.

ता. क. तिसरा. खरं सांगू? घर हे निमित्त आहे. तुमचे बंधू गेल्यापासून माझ्यावर चिडणारं कोणी उरलं नाही. मुलं मला समजून घेतात. समजून घेऊन घेऊन त्यांनी मला पार म्हातारी करून टाकलंय. तुम्ही मला कधी म्हणजे कधी समजून घेतलं नाहीत, वन्सं. म्हणून या.