ग्रहणात न चिरलेलं वांगं

माय,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून एवढं लिहायचा धीर होतोय. गेल्या आठवड्यात भाऊला घेऊन आगगाडीनं नवापूरकडे गेले होते, एका डॉक्टरांना दाखवायला. तू गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो. तिशीला आला, पण शिट्टी झाली की अजून दोन्ही कानांत बोटं घालतो आणि माझ्या पदराखाली डोकं खुपसतो. सगळा डबा बघत बसतो. पूर्वी मला लाज वाटायची. आता मीच डब्याकडे डोळे वटारून बघते. मास्तरीण झाल्याचा तेवढाच उपयोग.

मानमोडीच्या तापाचं ते साल तुला सांगायला नको. घरोघरी खाटा पडल्या होत्या. मी सात वर्षांची, आणि भाऊ तुझ्या पोटात, सहावा महिना. शेजारची माझी मैत्रीण तापानं पडली तेव्हा तू मला दारातच बजावलंस, "तठे जाऊ नको, पोरी." मी हो म्हटलं. पण माझे सागरगोटे तिच्याकडे राहिले होते. तू जात्यावर बसलीस तशी मी मागच्या दारानं गेले, तिच्या उशाशी बसले आणि गोटे ओच्यात घालून परत आले. तिसऱ्या दिवशी मी तापानं फणफणले. आजी म्हणत होती, पोटुशीनं लांब राहावं. तू कुठली ऐकतेस! माझं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत राहिलीस. मी उठले आणि तू पडलीस. मैत्रीण गेली, हे मला कितीतरी दिवस कुणी सांगितलंच नाही.

भाऊ जन्मला तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. पण तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना. माझे सागरगोटे मात्र त्याला सापडले. उंबऱ्यावर एका ओळीत मांडायचा, मोडायचा, पुन्हा मांडायचा. एखादा हरवला की घर डोक्यावर घ्यायचा. एके दिवशी आजीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याच पोरनी ताप घरमा आना." तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "पोरले काही बोलू नका. मीच ग्रहणमा वांगं चिरं व्हतं. मन्हीच चुकी शे."

झालं, तेव्हापासून सगळा दोष तुझ्या माथी. आजी जाईपर्यंत तुला ते वांगं ऐकवत राहिली. पण माय, त्या ग्रहणात मी तुझ्याजवळच होते. दारं लावलेल्या खोलीत तू हातपाय सरळ करून पडली होतीस. पाठीला खाज सुटली तरी स्वतः खाजवली नाहीस, मला खाजवायला लावलंस. विळीला तू हातसुद्धा लावला नव्हतास.

डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा काही संबंध नाही. आई गरोदर असताना तिला मोठा ताप येऊन गेला, तर कधी कधी पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. याच्या बाबतीत तसंच झालं, हे मात्र खात्रीनं सांगता येणार नाही. मला रडू आलं. तुझं ते वांगं एकदाचं सुटलं होतं. भाऊ त्यांच्या टेबलावर सागरगोटे मांडत होता, त्यांनी ते मांडू दिले. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात पहिल्यांदा ताप कुणाला आला होता?"

मी म्हटलं, "आईलाच."

पुन्हा तुझ्याच माथी मारलं, माय. केस पिकायला लागले तरी तुझ्याच आड लपले. हा कागद कुठे धाडायचा नाही. सागरगोट्यांच्या पिशवीत ठेवतेय. भाऊ ती रोज उघडतो, पण त्यालाही वाचता येत नाही. म्हणूनच तिथं ठेवतेय.