डावा मागचा शॉकअप

४ मार्च

नाही म्हणजे नाही! गॅरेजात टाकायची नाही. मी माझ्या हातानं खोलणार.

एवढं बोलून फोन ठेवला. लेक तिकडं अजून बोलतच असेल! तिचं म्हणणं तसं सरळ आहे. नवी नोकरी लागलीय, रोज चाळीस किलोमीटर जायचं, बाबांची गाडी नुसती उभी आहे, ती मला दे. फक्त मागं डावीकडं खटखट वाजते ती आधी लांब्याकडून काढून घे.

लांब्या म्हणजे ह्यांचा चेला. पाना धरायला ह्यांच्याकडंच शिकला. आता पन्नाशीचा झाला, स्वतःचं गॅरेज आहे, तरी ताडमाड उंचीपायी नाव तेच राहिलं.

"आई, तुझं वय काय, बोलतेस काय!" — लेक.

म्हटलं, गाडीचं वय बघ. तिला कुणी काही म्हणतं का?

५ मार्च

का खोलायची ते लिहून ठेवते.

ती खटखट ह्यांच्या शेवटच्या कामाची आहे. खड्ड्यांचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकअप ह्यांनी घरीच बदलले, गेल्या वर्षी. तेव्हा छातीचं दुखणं निघालेलं. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. पण लेक सहज बोलून गेली, "बाबा, मागं बसलं की कंबर मोडते." झालं! दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर.

काम उरकून एक फेरी मारायला गेले. आले तेव्हा गाडी मागून वाजत होती. चाळीस वर्षांत ह्यांच्या हातची गाडी वाजत परत आली नव्हती. हात धुतले. एकेक पाना पुसून पेटीत ठेवला. म्हणाले, "हात गेला माझा. कुणाला दाखवू नको."

पेटी परत उघडली नाही. चार महिन्यांत गेले.

लेक अजून म्हणते — मी बोलले नसते तर त्यांनी गाडीला हात लावला नसता. हात गेला हे त्यांना कळलं नसतं. खचले नसते. फोनवर म्हणते आणि मग कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येतो.

आता लांब्यानं ते खोललं तर उस्तादाची चूक चेल्याच्या डोळ्यांना दिसणार. कुणाला दाखवू नको म्हणाले होते ना? म्हणून मी.

७ मार्च

मागची सीट निघाली! बूड पुढून वर ओढलं की सुटतं, पाठीला खाली दोन बोल्ट. बघून बघून चाळीस वर्षांत एवढं येणारच. गाढवसुद्धा शिकलं असतं. (हे असते तर म्हणाले असते, शिकलंच की!)

सीटखाली एक कंगवा, खोकल्याच्या गोळ्यांचे सतरा कागद. पथ्यावर होते म्हणे!

शॉकअपचं वरचं टोक मात्र सीटमागं नाही. बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनलमागं आहे. ते पॅनल काढायचं म्हणजे आधी दारालगतचं रबर, मग क्लिपा, मग सीटबेल्टच्या पट्ट्याचा बोल्ट. टोकावरच्या एका नटासाठी अख्खा संसार उचकटायचा.

९ मार्च

क्लिपा. स्क्रूड्रायव्हर घातला तर प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. म्हणून लाकडी उलथणं घेतलं, फडकं गुंडाळून. कडेला सरकवायचं आणि हलके दाबायचं — टक्! एक सुटली. पोळी उलटण्यापेक्षा सोपं.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काय करताय हो?"

म्हटलं, "गाडी भाजतेय. एक बाजू झाली."

निघालेल्या क्लिपा अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवल्या, ओळीनं. स्क्रू मात्र ज्या भोकातला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायचा. ही ह्यांची शिस्त. घरातले मोजे मात्र एका जागी कधी सापडले नाहीत.

हसू आलं. मग बराच वेळ रिकाम्या डिकीत बसून राहिले. तिथं अजून ह्यांच्या हात धुवायच्या पावडरीचा वास येतो.

१० मार्च

चार क्लिपा मोडल्या. पाचवी मी मुद्दाम मोडली.

१२ मार्च

पट्ट्याचा बोल्ट हलेना! पॅनल त्याच्यामागं अडकलेलं. पान्याला पाइप लावला, पाय लावला, ठेवणीतल्या शिव्या लावल्या. बोल्ट जागचा हलला नाही. मनगट सुजलं.

आणि नेमका लांब्या दारात. लेकीनं धाडलेला. वाकून आत बघितलं त्यानं, मग उलथण्याकडं बघितलं.

"काकू, हे काय?"

"हत्यार आहे. तुझ्या उस्तादांनी शिकवलं नाही वाटतं?"

"मी काढतो. पाच मिनिटं."

"तू फक्त बोल्ट ढिला करून दे. पुढं हात लावायचा नाही."

"का?"

"बाईमाणसाचं भांडण अर्ध्यात तोडू नये."

तो हसला नाही. बोल्टवर तेल सोडलं, दोनदा ठोकलं, ढिला केला आणि हात पुसत उभा राहिला. म्हणाला, "उस्तादांची चूक मी बघू नये, म्हणून ना? काकू, मी त्यांच्या हातची थप्पड खाऊन मोठा झालोय. एका नटानं मला ते लहान दिसणारेत का?"

म्हटलं, शुक्रवारी ये. लेकीलाही घेऊन ये.

आज रात्रीच खोलून टाकावं, असं मनात आलं होतं. मनगटानं ऐकलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दोघं आली. मी आधी आत शिरायला गेले तर लेकीनं दंड धरला. "आई, तुझं मनगट बघ आधी." आणि लांब्या तर आत गेलेलाही! एवढा मोठा माणूस डिकीत घडी घातल्यासारखा आडवा. पॅनल हळू ओढलं त्यानं. आत उघडा पत्रा, धूळ, आणि शॉकअपच्या टोकावर रबराची टोपी. टोपी काढली. बॅटरी धरली.

मग मान आणखी आत घातली.

लेक म्हणाली, "सांगून टाक, दादा. नीट आवळला नव्हता ना बाबांनी?"

"इकडं ये. बघ."

मी बाहेरूनच ऐकत होते. नट पुरता आवळून झाला की त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची, नटावरून थेट पत्र्यावर — ही ह्यांची रीत. आवळायच्या आधी कधीच नाही. लांब्या लेकीला तेच सांगत होता. पत्र्यावर अर्धी रेघ आहे. नटावरही अर्धी आहे. फक्त ती आता उलट बाजूला गेलीय.

"म्हणजे?"

"म्हणजे उस्तादांनी नट पक्का आवळला होता. रेघ मारून मग हात काढला. नंतर सैल झाला तो. हात नव्हता गेला त्यांचा."

लेक तिथंच डिकीच्या काठावर बसली. तोंड दाबून रडली. "मग उगाच... दादा, ते उगाच पेटी बंद करून बसले?"

लांब्यानं नट आवळला. आतली दांडी धरून, एका दमात. मग रेघेवर बोट फिरवत स्वतःशीच म्हणाला, "पण एका फेरीत दीड आटा? हा तर लॉकनट, आपोआप फिरत नाही..."

माझ्याकडं बघितलं. मी चहाचं विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "रस्ते वाईट आहेत, दुसरं काय." आणि टोपी बसवली.

१५ मार्च

सगळं परत बसवलं. आधी पॅनल, मग पट्टा, रबर, सीट. मोडक्या क्लिपांच्या जागी लांब्यानं नव्या दिल्या. लेकीनं बाजारापर्यंत फेरी मारली, खड्डे शोधून शोधून. काही वाजलं नाही.

लांब्या गॅरेजात सगळ्यांना सांगतोय, उस्तादाचं शेवटचं काम चोख होतं. भेटेल तो येऊन मला सांगतो. मी हो हो म्हणते.

१६ मार्च

लेक उद्या गाडी न्यायला येणार. मघाशी फोनवर म्हणाली, "बाबा चुकले नव्हते, बरं वाटलं. पण आई, खोलायला मीच लावलं ना? मी बोलले नसते, तर आज असते." परत तेच. परत नुसता श्वास.

मी विनोद करायला तोंड उघडलं. काही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

१७ मार्च

किल्ली द्यायच्या आधी लेकीला समोर बसवून सांगितलं. जे सांगितलं ते असं. वहीशीसुद्धा खोटं बोलले होते मी.

नट मी सैल केला. त्या दिवशी रेघ वाळेपर्यंत हे जेवून आडवे झाले होते. पॅनल बसवायचं बाकी होतं. दीड आटा उलटा फिरवला आणि टोपी घालून टाकली. गाडी वाजेल, वैतागतील, काम सोडतील, जगतील चार वर्षं जास्त — एवढंच डोक्यात होतं. "हात गेला माझा" म्हणाले तेव्हा मी दोन पावलांवर उभी होते. सांगितलं नाही. चार महिने रोज समोर बसले होते, तरी सांगितलं नाही.