गॅस जातोय कुठून?

३ मे, शनिवार

पुन्हा तेच! शीळफाट्यापर्यंत एसी गार, आणि सिग्नलला उभा राहिलो की गरम वारा. बॉनेटखाली कॉम्प्रेसर टक-टक — लागतो, सुटतो, परत लागतो. पंधरा दिवसांपूर्वीच सिद्धेशने गॅस भरून दिला होता. एमआयडीसीत त्याचं गॅरेज, कामाला चोख माणूस. मग गॅस जातोय कुठे?

आणि नेमकं आत्ताच! लेकीच्या बाळंतपणाला आलेली तिची सासू, सुशांतची आई, अठरा तारखेला महाडला परत जाणार. त्यानंतर ऐश्वर्या बाळाला घेऊन आपल्याकडे राहायला येणार, असं नंदाने परस्पर फोनवर ठरवलं आणि मला नुसतं कळवलं. "आणायला तुम्ही जायचं." लेकीला आणायचं तर नाही कसं म्हणणार?

५ मे, सोमवार

ऐश्वर्याचा फोन. दोन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्या मोबाइलवर! "बाबा, एसी नीट करून घ्या हं. कोलशेतहून डोंबिवली म्हणजे शीळफाट्याला तासभर तरी अडकणार. बाळ भाजून निघेल."

हो म्हणालो. बाळ कसं आहे, हे विचारायचंच राहिलं. फोन ठेवल्यावर आठवलं. मूर्ख माणूस!

७ मे, बुधवार

सकाळी गाडी धुतली. बॉनेट उघडून आतूनही — शॅम्पू, फडकं, जुना टूथब्रश. गॅरेजवाल्यासमोर मळकं इंजिन न्यायची मला लाज वाटते. नंदा म्हणते, "कामवाली यायच्या आधी भांडी घासून ठेवणारे तुम्ही!" हसते तर हसू दे.

सिद्धेशने पाइपच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघितलं. एक बुडबुडा नाही. परत गॅस भरला. "चार दिवस चालवून बघा, काका."

८ मे

गार!

११ मे

गरम.

१२ मे, सोमवार

दिवसभर घरात येरझाऱ्या. नंदा वैतागली. "अहो, रिक्षा करून जा की. नाहीतर मी जाते." नको म्हणालो. गाडीनेच आणणार, आणि एसी चालू झाल्यावरच.

का? इथे कोण बघतंय, लिहून टाकतो. सुशांतच्या घरी जयभीम म्हणतात, म्हणून मी लग्नाला गेलो नाही. रजिस्टर ऑफिसात आपल्याकडून एकटी नंदा होती. बारशालाही गेलो नाही. तेव्हा पाठदुखीचं निमित्त होतं, आता एसीचं आहे. नात महिन्याची होत आली आणि मी तिला फक्त फोटोत बघितलंय. सान्वी नाव ठेवलंय. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते — त्या दारात उभा राहून बोलू काय?

१४ मे, बुधवार

गाडी धुतली, नेली. आज सिद्धेशने डोक्यालाच हात लावला. "काका, इंजिन तुम्ही धुता? अहो, गॅस एकटा जात नाय, थोडं तेल घेऊन जातो. लीक असेल तिथे ओलं होतं, त्याच्यावर धूळ बसते, काळा डाग पडतो. तोच तर आम्ही शोधतो ना! आणि तुम्ही दर टायमाला पुसून आणता!"

बाकावर बसलेले दोघे खो-खो हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. सिद्धेशने या वेळी गॅससोबत कसलासा रंग सोडला आणि दम दिला — चार दिवस चालवा, फडकं लावायचं नाही.

१६ मे, शुक्रवार

चालवायची म्हणून कळव्यापर्यंत गेलो. तिथून कोलशेत असं कितीसं लांब? पूल ओलांडला असता तर अर्ध्या तासात पोचलो असतो. पाच मिनिटं गाडी कडेला लावून बसलो आणि परत फिरलो. नंदाला सांगितलं नाही.

इंजिनवर धूळ बसलीय. हात नुसते शिवशिवतायत.

१८ मे, रविवार

सापडलं! सिद्धेशने निळा टॉर्च मारला, पिवळा चष्मा मलाही लावायला दिला. पुढच्या जाळीमागे, पाइपच्या जोडाला — हिरवंगार चमकत होतं! भोवती चिकट काळी धूळ. आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. नखाएवढी रिंग, आणि मला महिनाभर नाचवलं!

नवी रिंग घातली. पाइपांत नायट्रोजन भरून तासभर दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही, म्हणजे गळती बंद. मग आतली हवा ओढून काढली, वजन करून गॅस भरला. "आता बिनधास्त जावा, काका."

चार वाजता गाडी तयार. पायाला झोंबेल इतका गार वारा! सुशांतची आई सकाळीच गेली होती. तसाच निघालो असतो तर सहापर्यंत पोचलो असतो. घरी आलो. नंदाला म्हटलं, आज रविवार, ट्रॅफिक असेल, उद्या जातो. तिने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल घेऊन आत गेली.

१९ मे, सोमवार

अकरा वाजता चावी घेऊन दार उघडलं, तर समोर ऐश्वर्या. रिक्षाने आली! "किती वाट बघायची हो बाबा तुमची?" म्हणाली आणि बाळ माझ्या हातात दिलं. बाळाचं झबलं घामाने ओलं. मागे सुशांत, दोन्ही हातांत बॅगा, उंबऱ्याबाहेरच थांबलेला. आत ये म्हणालो.