पूजेनंतरचा रिपोर्ट

२९ सप्टें.
तुलनेचे आकडे आले. विमानाच्या भिंतीत घालतात त्या इन्सुलेशनचे एकाच गठ्ठ्यातले तुकडे पाच लॅबना दिले होते. चौघांकडे आग जवळपास सारख्याच वेळात आरपार गेली. रसमड्यात, आमच्याकडे, तुकडा कितीतरी जास्त टिकला. लॅबप्रमुख वानखेडे साहेब खूश. "आपलं काम पक्कं हाय म्हनून." आग काय ओळख पाहून हळू जाळते? डोकं सणकलं.

३० सप्टें.
बर्नर पाहिला. हवा, इंधन, ज्योतीची उष्णता, सगळं ठीक. देवांगन तो चालवतो. म्हणाला, "मशीन बढिया है मॅडम, पूजा में तो नया पेंट मारा." रिसालीला घरी पोचेपर्यंत स्कूटीवर एकच विचार. पेंटसाठी काय काय खोललं होतं?

१ ऑक्टो.
सापडलं. विश्वकर्मा पूजेला बर्नर धुऊन, रंगवून हार घालतात. तेव्हा स्टॉपर खोलला होता. बर्नर नमुन्याकडे सरकतो तो त्याला टेकून थांबतो. परत बसवताना अंतर मोजलं नाही, ज्योत दूरच राहिली. रोजची उष्णता मोजतो ती बर्नर दुसऱ्या बाजूला वळवून, तिथलं काही हललं नव्हतं. म्हणून सगळं बरोबर दिसत होतं.
बोल्ट कुणी आवळले? मीच. प्रसाद वाटणं सुरू झालं होतं म्हणून घाईत. आमच्या घरी पूजाबिजा नाही, पण बुंदी मात्र हवी. लाज वाटते.

२ ऑक्टो. सुट्टी
तुलनेचं सोडा. पूजेनंतर एका कंपनीचा मालही पास केलाय, माझ्या सहीने. ज्योत दूर असूनही तो जेमतेमच टिकला होता.
बाबांना सांगितलं. स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर जन्म गेला त्यांचा. म्हणाले, "तुले मालूम हाय ना? मंग त्यायले कावून नाई?"

३ ऑक्टो.
रिपोर्ट मागे घेण्याचं पत्र साहेबांपुढे ठेवलं.
"कावून घाई करून राहिली? गपचूप दुसरी टेस्ट घे. पास झाली तं कोनाले सांगाची गरजच नाई."
"आन् नाई झाली तं?"
साहेबांनी पत्र माझ्याकडे परत सरकवलं. "तुही सहीची परवानगी जाईन."
माहीत आहे. सात वर्षं लागली मिळायला. भीती वाटतेच. जेवणाच्या सुट्टीत कंपनीला पत्र पाठवलं, माझ्या नावाने. साहेबांना प्रत.

४ ऑक्टो.
कंपनीतून फोन. माल परवाच निघालाय. "रास्ते में रुकवाते हैं, लेकिन सही रिजल्ट कल चाहिए." साहेब बोलत नाहीत. न बोलोत.

५ ऑक्टो.
रविवार, तरी देवांगन आला. स्टॉपर मोजून बसवला. त्याला पुन्हा मोजायला लावलं, मग मी पुन्हा. कंपनीच्या मालातला राखून ठेवलेला तुकडा चौकटीत लावला. बर्नर तापतोय, तेवढ्यात हे लिहितेय.
स्टॉपवॉच देवांगनच्या हातात दिलं. तुकडा टिकावा असं मला फार वाटतंय. असं वाटणाऱ्याने वेळ मोजू नये.