आईचा आवाज पुसायचा नाही

पोरी,

टेबलावर कॉम्प्युटर दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. मी तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन चाललोय. बँकेचा पासवर्ड आधी बदल, तुझ्या फोनवरून.

चूक माझीच. सकाळी पडद्यावर 'अपडेट करा' असं आलं, पासवर्ड मागितला, मी दिला. तेव्हापासून जाहिराती आपोआप उघडतायत. "बाबा, याचा प्रोसेसर नव्या जातीचा आहे, जुने व्हायरस याच्यावर चालतच नाहीत," असं तूच सांगितलं होतंस. दुरुस्तीवाला फोनवर हसला. म्हणाला, "काका, आता खास याच्यासाठी नवे लिहितात." जन्मभर कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. नवं कुलूप बाजारात आलं की पहिलं गिऱ्हाईक चोरच असतो.

तुझा मेसेज वाचला, "सगळं पुसून टाका." नाही पुसणार. शिवणाची मापं लिहायचा कंटाळा म्हणून तुझी आई ती बोलून ठेवायची, ते सगळं या कॉम्प्युटरमध्ये आहे. "बाही सोळा, कंबर तीस, आणि अहो, दूध बघा!" त्या फायली यात उतरवून जुना कॉम्प्युटर तू भंगारात दिलास, तेव्हा मी अडवलं नाही. आता तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

मी दुरुस्तीवाल्याच्या शेजारी बसून त्या फायली आधी बाहेर काढून घेणार, एकेक ऐकून बघणार, मगच बाकीचं पुसू देणार. त्याने दुकानाचं शटर ओढलं तरी उठणार नाही. तू जेवून घे.

ती गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी मी नाही म्हणतोय.

बाबा