लाँड्रीतल्या गाण्याची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर धरल्यामुळे निम्म्यातच थांबलेला साष्टांग नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? (पत्र बसून वाच.) आम्ही खुशाल आहोत, माझ्याकडे राहणारी तुझी लेकही खुशाल आहे. खुशालीच्या पलीकडचं पुढे लिहितो.

गेल्या रविवारी तिने माझी लाँड्री मागून घेतली. "मामा, दोन तासांचं काम आहे, एका गाण्याचा व्हिडिओ करायचाय." सुट्टीचा दिवस, मी हो म्हटलं. तर सात माणसं, कॅमेरा आणि दारातून आडवा करून आणावा लागणारा पंखा असा लवाजमा आला. पंखा कशाला, तर गाण्यात ज्याला दुःख होतं त्याचे केस उडावे लागतात. (गायकाला केस बेताचेच होते. मग बटणं काढून त्याचा शर्ट उडवला.) ताई, या गाण्यांचं एक शास्त्र आहे. प्रेयसी सोडून गेलेला माणूस नीट उभा राहत नाही, टेकतो. दिसेल त्यावरून बोटं फिरवत चालतो, मागे कोणी नसताना वळून बघतो, दर कडव्याला कपडे बदलतो (एवढ्या दुःखात कपाट उघडायचं सुचतं कसं, देव जाणे, पण आमच्या धंद्याला ते बरंच आहे) आणि शेवटी भिजतो, पाऊस असो नसो. बोटं फिरवायला हव्यात म्हणून तिने मी इस्त्री करून ठेवलेल्या इस्पितळाच्या चाळीस चादरी दोऱ्यांवर टांगल्या. त्या संध्याकाळी पाचला पोचवायच्या होत्या. पावसासाठी नळाला पाइप जोडला.

दुसऱ्या कडव्याला गायक टेकला तो नेमका, वाफेसाठी तापवलेल्या माझ्या प्रेसवर. कोपर भाजलं. फार नाही, पण हे दुःख आपल्या करारात नाही असं सांगून तो घरी गेला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रडणार. लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घर डोक्यावर घ्यायची. ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुझी उंची त्याच्याएवढी आहे. पाठमोरा चाल." चाललो. "अजून हळू." मी म्हटलं, "बाई, माझ्या गुडघ्यांनी याहून हळू म्हणजे उभं राहणं." मग मला भिजवलं. चादरीही भिजल्या.

काम संपल्यावर मात्र तिने एकालाही घरी सोडलं नाही. उरलेल्या सहाही जणांना इस्त्रीला जुंपलं आणि साडेचारला चाळीस चादरी घडीसकट तयार. आवाज एकदाही चढवला नाही. अगदी तुझ्यासारखी, म्हणजे तू चढवतेस, पण लोक ऐकतात तसंच. तेवीस वर्षांत माझ्या गड्यांनी माझं इतकं ऐकलेलं नाही.

तरीही हे धंदे मला मुळीच पसंत नाहीत, हे माझं स्पष्ट मत. भावोजींना नमस्कार.

तुझा,
भिजून वाळलेला भाऊ

ता. क. त्याच रविवारी तिची बँकेची परीक्षा होती. तिला ताप आल्याचं तुला फोनवर मी सांगितलं. सगळा राग माझ्याकडे पाठव, दुकानात जागा आहे.

ता. क. २. व्हिडिओ पाहून तिला पगारी काम मिळालंय. तरी रोज जेवताना विचारते, "आईने पाहिला का?" काल मी सांगून बसलो, पाहिला, डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. तेव्हा पाहा, आणि फोनवर तेवढं सांभाळून घे.