न तपासलेली जोडी

कोंडाणे, ९ जानेवारी २०२५

चि. छायास अ. उ. आ.

आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुझी पत्रं तिच्या कानाशी बसून वाचतो. पाव फुगवणारं यीस्ट तिला समजलं. पण ते मारून बघायला तुला पगार देतात, हे काही पटलेलं नाही.

बातमी अशी, की साजगावचा आमचा कारखाना गुजरातला हलतोय. जे जातील त्यांचीच नोकरी राहील. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? तुझ्या वहिनीला घेऊन जावं म्हणतो. आई यायला तयार नाही. पण तू हैदराबादला गेलीस तेव्हा घर अडलं नाही, मी गेल्यानेही अडणार नाही. शेजारची बुधी येऊन-जाऊन बघेल. विचार करून थकलो गं. तुझं मत कळव.

तुझा दादा,
किशोर

हैदराबाद, १७ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मीही थकलेय. यीस्टचं एक जनुक काढलं तरी ते जगतं, दुसरं काढलं तरी जगतं; दोन्ही एकदम काढली की कधी कधी मरतं. अशा घातक जोड्या आधीच ओळखणारा प्रोग्रॅम मी लिहिला. त्याने निर्धोक ठरवलेल्या जोड्याच प्रयोगशाळेत मेल्या. ज्या जोड्या कुणी कधी तपासल्याच नव्हत्या, त्या मी निर्धोक धरून त्याला शिकवल्या होत्या. आता सगळं पहिल्यापासून.

त्यातच तुझं पत्र आलं. मी निघाले, घर चाललं. पण आपण दोघंही नसलो तर काय होतं, हे कुणी पाहिलंय? मला भीती वाटते रे. तुला थांब म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
छाया

कोंडाणे, २५ जानेवारी

चि. छायास अ. उ. आ.

पाकीट नेमकं आईच्या हाती पडलं. तिने ते तुझ्या वहिनीकडून वाचून घेतलं. वाचून दाखवू नकोस, हेसुद्धा वहिनीने ठणठणीत वाचलं.

आई दोघांवरही चिडली. म्हणाली, माज्या मरनाचा हिशेब मांडलात, मला कुनी इचारलं नाय. मी काय इतक्यात मरत नाय. संध्याकाळी भाकऱ्या थापताना म्हणाली, तिला लिही, तुजं ते यीस्ट मरतं नायतर जगतं, येवढंच हाय का? जगतं पन फुगत नाय, असं नसतं का काय?

कारखान्याला पंधरा तारखेपर्यंत सांगायचंय. याचं उत्तर तूच आईला लिही.

तुझा,
दादा

हैदराबाद, २ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

असतं, आई. तसं यीस्ट काचेच्या ताटलीत ठिपक्याएवढंच राहतं. मेलं नाही म्हणून मी ते जगलेल्यांत धरत होते.

दादाला खुशाल जाऊ दे. माझं काम लॅपटॉपवरचं, सरांनी ते सहा महिने कोंडाण्याला येऊन घरून करायला परवानगी दिलीय. पुढचं त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. तू मरशील या भीतीने येत नाहीये गं. इथे मीही नुसती जगतेय.

राग समोर आल्यावर काढ, तोवर जीव लावून ठेव.

तुझी,
छाया